चार कोडी सात

"मॅडम, कोडीला आमच्या गटात बसवू नका. त्यापेक्षा आम्ही तिघंच बरे," केतकी इंगवले उभी राहून म्हणाली. तेही अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"कोडी कुणाला म्हणतीस गं?" मी दारातनंच विचारलं.

"जो चिडला त्याला."

वर्ग फिस्सकन हसला. माझं एक पाऊल वर्गात होतं नि एक व्हरांड्यात. आतलं पाऊल मी मागं घेतलं. मला तरी कुठं बसायचं होतं? शाळा सोडून आठ महिने झाले होते. त्या दिवशी मी फक्त दाखला न्यायला आलो होतो. मामानं टाईल्सच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता, वयाचा पुरावा म्हणून दाखला लागत होता, आणि पाचच्या एसटीनं मला मामाकडं जायचं होतं. हेडसर कुठंतरी बाहेर गेले होते. शिपाई बंडूमामा म्हणाला, "साडेतीनला येतील, थांब." थांब म्हणलं की मला थांबता येत नाही. म्हणून व्हरांड्यात फेऱ्या मारता मारता नववीच्या वर्गात डोकावलो, आणि तिथं ह्या नव्या मॅडमनी मला धरलं.

"इथलाच का तू?" त्यांनी विचारलं होतं.

"होतो."

"आता काय करतोयस?"

"हेडसरांची वाट बघतोय."

"वाट बसूनही बघता येते. ह्या गटातल्या प्रज्योतला गालगुंड झालंय. त्याचा कागद वाचायला माणूस पाहिजे. ये."

त्यावर केतकीचं ते बोलणं.

माणगावे मॅडम नव्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी सरळ मला विचारलं, "तुझं नाव कोडी आहे?"

वर्ग परत हसला. मागनं तौफिक मुल्ला ओरडला, "मॅडम, त्याचं नाव गोरोबा. रंग बघून हसू नका फक्त."

तौफिक माझा दोस्त. म्हणून त्याला सोडला.

कोडीचं असं हाय. कोडी म्हणजे वीस. आमच्या घरात पणत्या, बोळकी, संक्रांतीची सुगडं, सगळं कोडीवर मोजतात. आमचा आज्जा, आम्ही त्याला आप्पा म्हणतो, आव्याजवळ, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीजवळ, उकिडवा बसून मोजायचा आणि मी त्याच्याशेजारी बसून शिकलो. शाळेत जायच्या आधीपासून माझं डोकं विसावर चालतं. आठवीत असताना गणित हेडसरच घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तेरा दाहे किती? सगळ्यात आधी उत्तर माझं आलं. पण तोंडातनं निघालं, "साडेसहा कोडी." हेडसर म्हणाले, "हा वर्ग आहे, कुंभारवाडा नाही." पहिल्यांदा हसली ती केतकी. मी कंपासपेटी उचलली आणि खिडकीतनं भिरकावली. ती नेमकी हेडसरांच्या मोटरसायकलच्या टाकीवर पडली. मग मी दारातनं गेलो. परत आलोच नाही.

तर मॅडम केतकीला म्हणाल्या, "नियम काय सांगितलाय मी?"

"चौघांचे चार कागद. एकाच्या कागदात आहे ते दुसऱ्याच्या कागदात नाही."

"आणि?"

"शेवटी तुम्ही चिठ्ठी काढणार. ज्याचा नंबर येईल त्यानं एकट्यानं फळ्यावर येऊन सगळ्या गटाचं उत्तर समजावून सांगायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं." मग ती थांबली नि म्हणाली, "पण मॅडम, ह्याचा नंबर निघाला म्हणजे?"

"मग तुम्ही त्याला नीट शिकवलेलं असलं पाहिजे."

केतकीनं ओठ मुडपले. मी मनात म्हणलं, आता बसतोच. हिच्या नाकावर बसतो.

वर्गात बाकं भिंतीला लावली होती. पोरं खाली गोल करून बसली होती, बूट बाहेर, पायात मोजे. सहा गोल. मी आमच्या गोलात जाऊन मांडी घातली. माझ्या पायांना घोट्यापर्यंत माती वाळली होती. केतकीनं आपला स्कर्ट दोन बोटं बाजूला ओढला. ते मला दिसलं. मला सगळं दिसतं, तीच तर माझी कटकट हाय.

गटात केतकी, तौफिक नि मी. चौथी शिवलीला. ती आठवीतपण माझ्या वर्गात होती, पण तिचा आवाज मी कधी ऐकल्याचं आठवत नाही. बोलायला गेली की कुणीतरी मधेच बोलायचं नि ती राहून जायची.

"कशाबद्दल चाललंय?" मी तौफिकला विचारलं.

"माया."

"कोण माया?"

"मला पण वाटलं मॅडमची बहीण असंल. तसं न्हाई. लांब, अमेरिकेच्या मधल्या भागात, जंगलात राहायची ती माणसं. दगडाची देवळं बांधली, मका पिकवला, आकाश बघून वर्षाचे दिवस मोजले. लई हुशार."

"आणि आपण काय करायचं?"

"त्यांचा आकडा वाचायचा."

फळ्यावर मॅडमनी एक पोतं काढलं होतं, त्यात कोकोच्या बिया. पोत्यावर खुणा. वर चार ठिपके, आडवे, एका ओळीत. खाली जागा सोडून दोन ठिपके, आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. पोत्यात बिया किती, एवढंच सांगायचं. जो गट बरोबर सांगंल त्यानं तो आकडा व्हरांड्याच्या भिंतीवर गेरूनं रंगवायचा.

कंटाळून गेलेला मी, पण ते बघितल्या बघितल्या माझ्या अंगात काहीतरी सळसळलं. रेघा नि ठिपके. आव्याजवळच्या भिंतीवर कोळशानं आप्पा असंच काहीतरी ओढायचा.

"माझा कागद सोपा आहे," केतकीनं सुरू केलं. "ठिपका म्हणजे एक. रेघ म्हणजे पाच. शिंपला म्हणजे शून्य. झालं."

"माझ्यात असं हाय," तौफिक म्हणाला, "की आपण आकडे शेजारी शेजारी लिहितो, ते एकावर एक लिहायचे. सगळ्यात खाली सुटे. वरच्या मजल्यावर मोठे."

"मग झालंच की. वर चार. खाली पाच आणि दोन सात. सत्तेचाळीस." केतकीनं वहीत लिहूनपण टाकलं. "आता तुझं वाच, गोरोबा. वाचता येतं ना अजून?"

डोक्यात सणक गेली, पण कागद हातात होता. वाचला. माया लोक मका चुन्याच्या पाण्यात भिजवून मग वाटायचे, असं काय काय होतं. खाली मॅडमनी स्वतः काढलेलं चित्र. एक व्यापारी उकिडवा बसलाय, पुढ्यात बियांचा ढीग. एक हात ढिगाकडं, दुसऱ्या हातानं पायाचा अंगठा धरलाय.

"काटा काढतोय," तौफिक म्हणाला.

"खाज सुटली असेल," केतकी म्हणाली.

तसा बसलेला माणूस मी रोज बघत होतो. माझ्या घरात.

तेवढ्यात शिवलीलाचं बोट हललं. आपल्या कागदावर एका ओळीवर बोट ठेवून ती बसली होती, मगापासनं. तोंड उघडायची, केतकी बोलायची, तोंड मिटायची. तीनदा झालं होतं.

"ए, तिच्या कागदात काय हाय ते ऐका की," मी म्हणलं.

"वाचलाय मी तो. त्यात नुसती एका शब्दाची गंमत आहे," केतकी म्हणाली.

"तिला वाचू दे."

शिवलीलानं वाचलं. आवाज एवढासा. "एक ठिपका आणि त्याच्याखाली शिंपला. ह्या आकड्यासाठी माया लोकांच्या काही भाषांत एक शब्द आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ होतो, माणूस. अख्खा माणूस."

"एक आणि शून्य, दहा," केतकी म्हणाली. "माणसाला बोटं दहा. बसतंय की बरोबर."

आणि मला एकदम आव्याचं तोंड फोडायची घडी आठवली. आत सगळं लालभडक भाजलंय हे तेव्हा माहीत असतं.

"दहा न्हाई," मी म्हणलं. "वीस."

"कशावरून?"

"वीसच."

"कशावरून म्हणतेय मी."

"अगं वीसच असतंय. चित्र बघ की. तुला डोळं न्हाईत काय?"

"ओरडू नकोस. आणि तुझं ते कोडीचं खूळ परत आणू नकोस वर्गात. मागच्या वेळी काय झालं माहीत आहे ना?"

मी कागद तिच्या पुढ्यात आदळला नि उठलो. गेली उडत तुमची माया. बाकीच्या गटांतनंपण सत्तेचाळीस, सत्तेचाळीस असंच कानावर येत होतं. मॅडम खिडकीजवळ उभ्या राहून बघत होत्या, मधे पडत नव्हत्या. त्याचापण मला राग आला.

दारात बंडूमामा. "गोरोबा, हेडसर आलेत. गडहिंग्लजला मीटिंग हाय त्यांची, सही करून लगीच निघणार हायेत. चल."

"आलो."

उंबऱ्यापर्यंत गेलो. सहज मागं बघितलं. केतकी वहीत रेघ मारून सत्तेचाळीसला चौकट करत होती. तौफिक माझ्याकडं बघत होता, तोंड पाडून. आणि शिवलीला ना वहीकडं बघत होती, ना माझ्या तोंडाकडं. ती माझ्या पायांकडं बघत होती. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग नजर दुसऱ्या पायावर. एक, दोन, तीन.

मोजत होती.

"बंडूमामा, पाच मिनिटं."

"पाच मिनिटं सर थांबणार न्हाईत, पोरा. आज गेले की सोमवारीच."

पाचची एसटी. मामा. सगळं डोळ्यासमोर आलं. आणि तोंडातनं निघालं, "मग जाऊ देत."

"काय येडा का खुळा तू?"

तोवर मी परत गोलात. ह्या बारीला ओरडलो नाही. ओरडून काय झालं होतं ते बघितलं होतंच. मी खाली बसलो, मांडी घालून नव्हे, उकिडवा, आप्पासारखा. तौफिकच्या हातातला खडू घेतला नि फरशीवर दोन्ही पायांच्या भोवतीनं रेघ ओढली.

"शिवलीला, काय मोजलंस सांग."

"पायाची पण धरायची," ती म्हणाली. ह्या खेपेला आवाज जरा मोठा. "त्यांच्या पायात मोजे नव्हते."

"कुणाच्या?" केतकीनं विचारलं.

"माया लोकांच्या. तो काटा नाही काढत. हाताची दहा संपली म्हणून पायाची मोजतोय."

केतकीनं चित्र ओढून घेतलं. बघितलं. परत बघितलं. मग म्हणाली, "पण असं कोण मोजतं?"

"माझा आज्जा," मी म्हणलं. "हाताची दहा, पायाची दहा. शेवटची करंगळी धरली की म्हणायचं एक कोडी, आणि परत पहिल्यापासनं. तुला पटत नसंल तर सोड. पण आधी एकदा मोजून बघ. मोजे काढ."

"काय?"

"मोजे काढ."

तौफिकनं कधीच काढले होते. "वास आला तर माया लोकांना नावं ठेवायची," तो म्हणाला. शिवलीलानं काढले. केतकी इकडंतिकडं बघत बसली, मग तिनंपण काढले. तिच्या पायाच्या बोटांना नेलपेंट लावलेलं होतं, लाल, शाळेत चालत नाही तसलं. ती लाजली. मी काही बोललो नाही. म्हणजे बोलणार होतो, पण नाही बोललो.

"आता बघ. अख्खा माणूस म्हणजे एक ठिपका नि खाली शिंपला. म्हणजे वर एक, खाली काही सुटं न्हाई. तू एक." मी तिच्याकडं बोट केलं. "तौफिक दोन. शिवलीला तीन. मी चार. वरच्या मजल्यावर किती ठिपके?"

"चार," केतकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"चार अख्खी माणसं. आता खालचे सुटे सात. मामा, ओ मामा, जरा हात वर करा. सात बोटं दाखवा."

बंडूमामा दारातच होता अजून. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं एक पंजा नि दोन बोटं वर केली. बाकीचे गट आमच्याकडं बघून दात काढत होते. चौघं जण उघड्या पायांनी फरशीवर, भोवतीनं खडूची पावलं, आणि दारात शिपाई हात वर करून उभा.

"चार माणसं आणि मामाची सात बोटं," केतकी पुटपुटली. "वीस, चाळीस, साठ, ऐंशी." तिनं बाकीच्या गोलांकडं बघितलं. मग म्हणाली, "सगळे सत्तेचाळीस म्हणतायत रे."

"म्हणू देत."

"सगळे."

"वेळ संपला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरच्या डब्यात हात घातला नि चिठ्ठी उघडली. "प्रत्येक गटातला एक नंबर."

कागदांवर एक ते चार नंबर होते. आमच्यातला एक नंबर केतकी.

तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. मला म्हणाली, "तुझा यायला पाहिजे होता." टोमणा नव्हता तो. खरंच म्हणाली.

पहिल्या गटाचा पोरगा गेला. सत्तेचाळीस. दुसरा, सत्तेचाळीस. तिसरी, चौथा, पाचवी. फळ्यावर पाच सत्तेचाळीस झाले, एकाखाली एक. मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी लई निरखून बघितलं, कुठं कोपरा हलतोय का. नाही.

केतकी उठली. मोजे डाव्या हातात तसेच. उघड्या पायांनी फळ्यापर्यंत गेली. पोरी एकमेकींना कोपरानं ढोसून तिचं नेलपेंट दाखवायला लागल्या. तिनं खडू घेतला. चार लिहायला सुरू केल्यासारखा हात वर गेला आणि थांबला. मला वाटलं गेलं. ही पाचांबरोबर जाणार. कायम पहिली येणारी पोरगी, ती कशाला माझ्यासाठी सगळ्या वर्गात येडी ठरंल?

तिनं लिहिलं, ८७.

वर्ग हसला. अगदी तेव्हासारखा. मी उठणारच होतो, तौफिकनं माझा गुडघा दाबून धरला. बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा नियम.

"कसं आलं?" मॅडमनी विचारलं.

केतकी खाली आपल्या पायांकडं बघत उभी. बाहेर हेडसरांच्या मोटरसायकलला किक बसली. एक, दोन, तिसऱ्या किकला सुरू झाली. माझा दाखला चालला होता. मी खिडकीकडं मान वळवली नाही.

"कसं आलं, केतकी?"

"चार कोडी सात," ती म्हणाली.

हसणं अजून चालू होतं, ते मधेच तुटलं. कारण ती हसत नव्हती.

"कोडी म्हणजे?"

"कोडी म्हणजे वीस. माणसाची हातापायाची सगळी बोटं. आपण बुटातली विसरतो, मॅडम. शिवलीलाच्या कागदात अख्खा माणूस आहे. हे सगळे," तिनं फळ्यावरच्या सत्तेचाळीसांकडं हात केला, "अर्धाच माणूस मोजतायत." मग तिनं आमच्या खडूच्या पावलांकडं बोट दाखवलं. "चार अख्खी माणसं तिथं बसलीयत. म्हणजे मी धरून. आणि सात बोटं मामांची."

बंडूमामानं परत हात वर केला. कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम सावकाश फळ्याजवळ गेल्या. डस्टर घेतलं. पाचही सत्तेचाळीस पुसले. सत्त्याऐंशी तसाच ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गेरू कालवता येतो का रे तुला?"

कुंभाराच्या पोराला विचारत होत्या.

तौफिक असा बोंबलला की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले. शिवलीला हसत होती, आवाज करून. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी गेरू कालवला, शिवलीलानं ठिपके दिले, रेघ केतकीनं ओढली, आणि ती वाकडी गेली म्हणून आमचं परत भांडण झालं. "तू ओढ मग, कोडी," ती म्हणाली. त्या वेळी राग आला नाही. का ते तेव्हा कळलं नाही. पाचची एसटी कधी गेली तेपण कळलं नाही.

ह्यानंतर मी शाळेत परत गेलो, असं कुणाला वाटत असंल तर तसलं काही झालं नाही. सोमवारी दाखला घेतलाच. हेडसरांनी सही केली, वर बघितलं नाही, मीपण बोललो नाही. तीन वर्षं टाईल्स मोजल्या. खोक्यावर खडूनं ठिपके नि रेघा ओढून मोजतो, तिथला सुपरवायझर आधी हसायचा, आता माझीच मोजणी खरी धरतो. गेल्या वर्षी तौफिक एक कागद घेऊन आला. सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरनं दहावी देणाऱ्यांचा. म्हणाला, भर. मी म्हणलं, मला कशाला. म्हणाला, केतकीनं पाठवलाय, तिनं सांगितलंय की अर्धाच माणूस किती दिवस मोजायचा. फॉर्मला दाखला जोडावा लागतो. माझ्याकडं होता.

आज गणिताचा पेपर. सेंटर नेमकं त्याच शाळेत आलंय. व्हरांड्याला मधी चुना दिला म्हणतात. त्याच्याखालनं चार ठिपके दिसतात का, ते पेपरच्या आधी बघायचंय. साडेदहाला वर्गात सोडतात, आणि तौफिक खाली उभा राहून मगापासनं हॉर्न वाजवतोय. मला आता निघायला पाहिजे.